मी आणलेलं मीठ

फळ्यावर सोडियम-पोटॅशियम पंपाची आकृती मी डोळे मिटून काढू शकते. रोह्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते, त्यामुळे दरवर्षी ती काढावीच लागते. पेशीचं आवरण म्हणून दोन रेघा, मधोमध एक फुगीर दार, तीन सोडियम बाहेर, दोन पोटॅशियम आत. काही पदार्थ या आवरणातून आपोआप जातात, जिथं जास्त असतील तिथून कमी असतील तिकडे. त्यासाठी शरीराला काडीची मेहनत नाही. काही मात्र उलट्या दिशेनं ढकलावे लागतात आणि त्यासाठी पेशी सतत ऊर्जा जाळते. आपण नुसते लोळत पडलो असलो तरी हे ढकलणं चालूच असतं. ते थांबलं की माणूस संपला. हे सगळं मी इतक्यांदा बोलले आहे की तोंड बोलत असतं आणि मनात संध्याकाळी जेवायला काय करायचं ते ठरत असतं.

आणि हेच शिकवणारी मी, स्वतःच्या बापाला जवळजवळ मारून बसले होते. वर त्याचं खापर चार महिने आईच्या डोक्यावर फुटू दिलं. यात कुठला गुन्हा मोठा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

बाबांनी उभी हयात पेणच्या खाडीकाठच्या मिठागरांत काढली. आमचं गाव तिथलंच, बांधाच्या अलीकडे भातशेती आणि पलीकडे खाडी. चौथी शिकलेला हा माणूस मिठाचा खडा जिभेवर ठेवून सांगायचा की मीठ वाफ्यातून वेळेवर ओढून घेतलंय का नाही. मीठ धरलं, म्हणजे खडे जमले, की वर जे पाणी उरतं ते कडू असतं, ते काढून टाकावं लागतं. आळस केला की तो कडूपणा मिठात उतरतो. असलं मीठ कुणी हातावर ठेवलं तर बाबा थू करून टाकायचे आणि देणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे. लहानपणी मला त्याचं हसू यायचं. पुढे शिकले, नोकरीला लागले, पेणला खोली घेऊन राहायला लागले, आणि मग हसूही येईना. बाबांचं आपलं काहीतरी असतं, एवढंच वाटायचं.

गेल्या पावसाळ्यात बाबांचे पाय सुजायला लागले. पेणच्या डॉक्टरांनी रक्त-लघवी तपासली आणि म्हणाले, किडनी दमली आहे, ब्लडप्रेशरही आहे, मीठ एकदम कमी करा, महिन्याभरानं परत दाखवा. आई तिथंच कपाळावर हात मारून म्हणाली, "मिठागरवाल्याला मीठ बंद! म्हंजे कोळ्याला म्हावरं बंद."

झालंही तसंच. वालाचं बिरडं असो की नुसता वरणभात, बाबा पहिला घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. आई गयावया करायची, मी पेणहून शनिवारी गेले की ओरडायचे. पंधरा दिवसांत त्यांची गालफडं बसली. आई फोनवर म्हणायची, "किडनीनं जातील तेव्हा जातील, आदी उपाशी मरतील गो."

तेव्हा मी ते पाकीट आणलं. पेणच्या दुकानात मिळालं, कमी सोडियमचं मीठ. पाकिटावर लाल हृदयाचं चित्र होतं. मागची बारीक अक्षरं मी वाचली, हे विशेष. न वाचता आणलं असतं तर आज स्वतःला थोडी तरी माफी देता आली असती. सोडियम क्लोराइड कमी केलंय, त्याऐवजी पोटॅशियम क्लोराइड घातलंय, असं स्वच्छ लिहिलेलं. मला उलट बरं वाटलं. पोटॅशियम काय, पेशीत भरपूर असतं, शरीराला लागतंच. जादा झालेलं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम किडनीच करते, आणि किडनी दमलेल्या माणसाच्या ते रक्तातच साचत जातं, हे पुस्तकात थोडं पुढच्या धड्यात आहे. तो धडाही मीच शिकवते. पण दुकानात उभी असताना मला फक्त बाबांचं सरकवलेलं ताट दिसत होतं आणि आपण कशी युक्ती काढली याचा आनंद झाला होता. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

शनिवारी आईनं आमटीत ते घातलं. बाबांनी घास घेतला, थांबले, जीभ टाळूला लावून बघितली.

"बाय, हे मीठ नाय."

"मीठच आहे बाबा. तुमच्या तब्येतीचं आहे."

"कडू हाय. उरलेल्या पाण्याची चव हाय ह्याला. हे आम्ही टाकून देतो."

मला असा संताप आला! एवढं पेणभर फिरून आणायचं आणि यांचं आपलं मिठागर संपत नाही. मी म्हणाले, "बाबा, मी हे रोज शिकवते. पन्नास पोरांना शिकवते. तुम्हाला मिठागरातलं कळत असेल, शरीरातलं मला कळतं. गपचूप खा."

बाबा जेवले. सगळं ताट स्वच्छ केलं. आई मला स्वयंपाकघरात म्हणाली, "चव लागत नाय म्हणत व्हते, वाईच जास्त घालू?" आणि मी म्हणाले, "घाल की. हे दुप्पट घातलंस तरी चालेल." हे माझंच वाक्य आहे. कुणी दुसरं बोललं असतं तर मी त्याचा गळा धरला असता.

पुढे महिनाभर सगळं छान चाललं. बाबा जेवू लागले. डॉक्टरांकडे परत दाखवायचं होतं ते मी दोनदा पुढे ढकललं, परीक्षा होत्या.

ऑक्टोबरात भात कापणीला आलेलं असताना अमावास्येच्या उधाणानं गावच्या बांधाला खांड पडली. म्हणजे बांध फुटला आणि खाडीचं खारं पाणी शेतात शिरायला लागलं. अशा वेळी आमच्या गावात घरटी एक माणूस बांधावर जातो. आजारी असो, म्हातारा असो, घरातून कुणी गेलं नाही तर ते घर गावाच्या नजरेतून उतरतं. आमच्या घरात बाप्या माणूस एकच. आईनं अडवलं तर म्हणाले, "चिखल नाय उचलत, नुसता उभा ऱ्हातो." माणसं ओहोटीच्या वेळात चिखलाचे गोळे हातोहात देत खांड बुजवत होती आणि बाबा उन्हात उभे राहून कुठं दाबा, कुठं पेंढा घाला ते सांगत होते. दुपारी घरी आले ते थकूनच. आईनं परसातल्या माडाचं शहाळं काढून दिलं. शहाळं वर्ज्य आहे असं तोवर आम्हाला कुणीही सांगितलेलं नव्हतं. बाबा ते प्यायले, जरा पडले, आणि तासाभरानं उठायला गेले तर पाय उचलेनात.

मी तेव्हा अकरावीचं प्रॅक्टिकल घेत होते. चंचुपात्रातल्या पाण्यात पोटॅशियम परमँगनेटचा खडा सोडायचा आणि जांभळा रंग कसा आपोआप पसरतो ते बघायचं. ढवळायचं नाही, हलवायचं नाही, नुसतं थांबायचं. मुलं थांबत नव्हती, मी ओरडत होते. तेवढ्यात आईचा फोन आला. "यांच्या पायात जीव नाय गो. नाडी पण अशी थांबून थांबून लागते." शेजाऱ्यांच्या रिक्षातून त्यांना पेणला न्यायला सांगितलं आणि मी रोह्याच्या स्टँडवर पळाले. गाडी पेणच्या अलीकडच्या गडब गावापर्यंत आली तेव्हा आईचा परत फोन, "ऑक्सिजन लावलाय, तू कुठं हायस?" त्या पुढच्या अर्ध्या तासात मी काय काय नवस बोलले ते सांगायची लाज वाटते.

दवाखान्यात डॉक्टरांच्या हातात कार्डिओग्रामची पट्टी होती. "पोटॅशियम फार वाढलंय," ते म्हणाले. "हृदय कधीही थांबू शकतं."

पोटॅशियम. तो शब्द ऐकला आणि पाकिटाची मागची बाजू माझ्या डोळ्यांपुढे आली, अगदी बारीक अक्षरांसकट. 

नर्स इंजेक्शनं भरत होती. हृदय सांभाळायला कॅल्शियम, मग ग्लुकोज आणि इन्शुलिन. आई घाबरली. "यांना साखर नाय, मग इन्शुलिन कशाला?" मी तिला बाजूला घेतलं. आवाज शिकवतानाचा लावला, कारण दुसरा कुठला आवाज फुटत नव्हता. म्हणाले, "रक्तात जे साचलंय ते पेशींच्या आत ढकलायचंय. पेशीत पंप असतात, इन्शुलिन त्यांना कामाला लावतं. साखर उतरू नये म्हणून सोबत ग्लुकोज."

"आपोआप नाय जात आत?"

"नाही. आपोआप फक्त बाहेर येतं. आत ढकलावं लागतं."

आईनं बाबांच्या पायांकडं बघितलं. अंगठ्याच्या नखात बांधावरचा चिखल तसाच होता. "म्हंजे बांधावानी," ती म्हणाली. "पाणी आपलं आपण येतं. थोपवायला गाव लागतं."

पंधरा वर्षांत माझ्या एकाही विद्यार्थ्यानं इतकं नीट उत्तर दिलेलं नाही.

एवढ्यात डॉक्टर आमच्याकडे वळले. "आज काय खाल्लं-प्यायलं यांनी?"

आई म्हणाली, "शहाळं दिलं व्हतं. उन्हातनं आले म्हणून."

"शहाळं?" डॉक्टरांचा आवाज चढला. "किडनीच्या माणसाला शहाळं? अहो त्यात केवढं पोटॅशियम असतं! माणूस मारायचाय का?"

माझं तोंड उघडलेलं होतं. खरंच उघडलेलं होतं. एका शहाळ्यानं एवढं होत नसतं हे मला कळत होतं, महिनाभराचं दुप्पट मीठ मला दिसत होतं. "डॉक्टर, मी एक" एवढं म्हणालेही असेन. पण आईनं तोवर भिंतीला टेकून तोंडात पदर कोंबला होता, डॉक्टर डायलिसिसच्या सोयीसाठी फोन लावत बाहेर गेले, आणि तो क्षण गेला. मग सांगू, म्हटलं. बाबा वाचू देत, मग सांगू.

बाबा वाचले. दुसऱ्या दिवशी कपडे आणायच्या निमित्तानं मी गावी गेले आणि फळीवरचं ते पाकीट पर्समध्ये घातलं. कॉलेजात नेऊन प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलं, पोटॅशियम क्लोराइडच्या बाटलीशेजारी. आईनं नंतर विचारलं, "तुझं ते मीठ दिसत नाय गो?" मी म्हणाले, "संपलं. आता डॉक्टरांनी तेही बंद केलंय." ती "बरं" म्हणाली.

बाबांची किडनी त्यातून सावरली नाही. तशीही ती जाणारच होती, कदाचित वर्षभरानं, असं डॉक्टर म्हणतात. तो "कदाचित" मी उराशी धरून झोपते. मंगळवार-शुक्रवार पेणला डायलिसिस. बाबा चार तास खुर्चीत पडून असतात, रक्त बाहेर जातं, यंत्रातल्या पडद्याच्या पलीकडे स्वच्छ द्रावण असतं, घाण आपोआप तिकडे जाते, रक्त परत येतं. ते टेक्निशियनला म्हणाले, "म्हंजे उघाडी हाय ही. ओहोटीला दार उघडलं की पाणी जातंय. पण भरतीला राखण कोण करणार?" बांधातल्या दाराला आमच्याकडे उघाडी म्हणतात. त्या पोराला काही कळलं नाही. मग बाबा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "माझी पोर शिकवते हे. तिला इचार." मी खिडकीबाहेर बघत बसले. समोरच्या कारखान्याच्या गच्चीवर रंग न दिलेले गणपती वाळत घातले होते.

त्याच खोलीत भिंतीवर आहाराची यादी आहे. काय खायचं नाही त्यात केळं, शहाळं, टोमॅटो, आणि सातव्या ओळीत 'कमी सोडियमचे मीठ'. मी ती पहिल्याच दिवशी वाचली. त्यानंतर नेहमी त्या भिंतीकडे पाठ करून बसते.

आई मात्र ती यादी तोंडपाठ करून बसली; सातव्या ओळीतलं मीठ म्हणजे माझं ते पाकीट, एवढंच तिच्या लक्षात आलं नाही. भाजी बारीक चिरायची, पाण्यात दोन तास ठेवायची, पाणी फेकायचं, परत नवीन पाण्यात उकळायची, तेही फेकायचं. म्हणजे भाजीतलं पोटॅशियम पाण्यात उतरतं. ती दोनदा नाही, चार-चारदा पाणी फेकायची. तिची बोटं पांढरी पडली. परसातल्या माडाची शहाळी उतरवली की लगेच वाटून टाकायची, एक घोट कधी घेतला नाही. गावात कुणी विचारलं की स्वतःच सांगायची, "माझ्या हातानं झालं." मी ऐकायचे. ऐकून पेणला निघून यायचे. आपोआप कधीतरी कळेल, असं मी स्वतःला सांगायचे. कुणीतरी बोलेल, ती यादी वाचून तिलाच उमजेल. आपोआप काय होतं आणि काय होत नाही हे पन्नास पोरांना शिकवणारी बाई घरी असा विचार करत होती!

फेब्रुवारीतल्या एका रविवारी आत्या आली, बाबांची थोरली बहीण, जिते गावात दिलेली. ओटीवर बसली. बाबा पाटाला टेकून होते, आई दारात बसून दुधीच्या फोडी पाण्यातून काढत होती. आत्यानं ते बघितलं आणि म्हणाली, "आता धुवून काय उपेग गो वयनी? माझा भाऊ घातलास ना खुर्चीवर शहाळं पाजून."

आईनं मान वर केली नाही. फोडी पिळत राहिली. बाबा जमिनीकडे बघत होते.

मला आत्याचा राग आला असं मी आधी म्हणायचे, पण ते खरं नाही. आईचे हात बघून मला माझीच किळस आली. मी म्हणाले, "आत्या, शहाळ्यानं नाही झालं. मी पेणहून मीठ आणलं होतं, त्यानं झालं. महिनाभर मीच त्यांना ते खायला घातलं. दुप्पट घाल म्हणून आईला मीच सांगितलं. आणि दवाखान्यात तोंड शिवून उभी राहिले."

 आणि मग बाबा बोलले, जमिनीकडेच बघत.

"मला ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"तिथं भितीवर लिवलंय. तिसऱ्या खेपेला वाचलं."

म्हणजे इतके दिवस आम्ही दोघं त्याच यादीखाली बसून होतो. एक वाचून गप्प, दुसरी भिंतीकडे पाठ फिरवून गप्प.

"आणि मीठ नाय हे तर पयल्याच घासाला कळलंवतं," बाबा म्हणाले.

"मग खाल्लंत का?" मी जवळजवळ किंचाळले. "थुंकून का नाही टाकलंत? सगळ्या जगाला शिव्या देता, मला द्यायच्या होत्यात!"

त्यांनी आता माझ्याकडे बघितलं. "तू आणलंवतंस," ते म्हणाले.

मला रडू फुटलं. मला वाटलं आता आई उठेल, मला जवळ घेईल, जाऊ दे गो म्हणेल. आयुष्यभर तिनं तेच केलंय. आई उठली खरी. पाण्याचं भांडं तिनं लाथेनं अंगणात उडवलं, फोडी मातीत गेल्या.

"दोगांना ठावं व्हतं," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक होता. "बापाला ठावं, लेकीला ठावं. आनि मी चार महिने गावभर सांगत फिरले, मी नवऱ्याला मारलं म्हणून. तू तिची लाज राखलीस, तिनं सोताची राखली. माझी रं?"

बाबा म्हणाले, "अगो, ऐक तरी..."

"नाय ऐकायचं."

ती परसात गेली. सकाळीच उतरवलेली शहाळी भिंतीशी पडली होती, वाटायची राहिलेली. त्यातलं एक तिनं उचललं, कोयत्याचे तीन घाव घातले आणि पुढच्या पायरीवर येऊन बसली, आमच्या तिघांच्या समोर. तोंडाला लावलं. मध्ये एकदा थांबून श्वास घेतला आणि परत प्यायली, मान मागे टाकून, शेवटच्या थेंबापर्यंत. पाणी हनुवटीवरून गळ्यात उतरत होतं, तिनं पुसलं नाही. 

मग शहाळं बाजूला ठेवून तिनं पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "त्यांच्या जेवायची येळ झाली. दुसरा दुधी आत हाय. चिरून धुवून तू घाल."

मी आत जाऊन विळीवर बसले. दोन तास भिजवायला लागणार होते, आणि बाबांना भूक लागली होती.